वर्षअखेरची सिनेयादी: क्रमवारीत फक्त थेटरात पाहिलेलेच सिनेमे धरावेत का?

टिळकवाडीकर

डिसेंबर सरत आला की जो तो वर्षभराच्या सिनेमांची यादी काढायला बसतो. माझं म्हणणं सरळ आहे. आवडीचा क्रम लावायचा तो फक्त थेटरात पाहिलेल्या सिनेमांचा. घरी पाहिलेल्यांची नोंद जरूर ठेवा, पण वेगळ्या पानावर आणि क्रमांक न देता.

कारण एकच, पण ते बेळगावात जास्त लागू पडतं. मराठी सिनेमा इथं शुक्रवारी येतो, त्याला दिवसाला एखाद-दुसरा खेळ मिळतो, तोही बहुतेक अडनिड्या वेळेचा. महाराष्ट्रात मराठी सिनेमाला खेळ देण्याबाबत सरकारी नियम आहेत, ते सीमेच्या अलीकडे चालत नाहीत. इथं सोमवारची विक्री बघून दुसऱ्या शुक्रवारचं वेळापत्रक ठरतं. "ओटीटीवर येईल तेव्हा बघू" म्हणणारा प्रेक्षक त्या चार दिवसांत मोजलाच जात नाही. वर्षअखेरी तोच प्रेक्षक त्या सिनेमाला पहिला नंबर देतो, तेव्हा त्या नंबराचा उपयोग कुणाला?

नोंद कशी ठेवावी तेही सांगतो. तारीख, थेटर, पडदा, खेळाची वेळ, भाषा, सबटायटल होते की नव्हते, आणि बसायची रांग. रांग महत्त्वाची. थेटरातला आवाज पडद्यापासून साधारण दोन-तृतीयांश अंतरावर, मधोमध बसलेल्या माणसासाठी जुळवलेला असतो. अगदी मागच्या भिंतीला टेकून बसलात तर मागचे स्पीकर कानात वाजतात आणि संवाद दबतात. मग "साउंड वाईट होता" अशी नोंद होते, ती त्या सिनेमावर अन्याय करणारी असते.

गुण त्याच रात्री देऊ नयेत, आठवड्यानंतर द्यावेत. खरं तर गुण देऊच नयेत. नवा सिनेमा यादीच्या मधल्या सिनेमाशी ताडून बघावा. जास्त आवडला तर वरच्या अर्ध्यात जायचं, तिथल्या मधल्याशी पुन्हा ताडायचं. ६० सिनेमांच्या यादीतही जास्तीत जास्त ६ तुलनांत जागा सापडते. दहापैकी साडेसात आणि पावणेआठ यातला फरक डिसेंबरात कुणालाच सांगता येत नाही. हा सिनेमा त्याच्यापेक्षा वर की खाली, हे मात्र सांगता येतं.

निपाणी_नाका

साफ नामंजूर. तुम्ही थेटर म्हणजे एक ठरलेला दर्जा धरून चाललाय, आणि तो दर्जा प्रत्यक्षात क्वचित मिळतो.

डिजिटल सिनेमाच्या मापदंडाप्रमाणे पडद्याच्या मध्यावर ४८ निट (उजळपणा मोजायचं एकक) उजेड पडायला पाहिजे. प्रोजेक्टरमधला झेनॉन दिवा जुना होत जातो तसा उजेड उतरतो. दिवा महाग, म्हणून मुदत संपली तरी ओढून नेतात. रात्रीचं दृश्य असलं की काळ्यावर काळं. दुसरं, स्कोप म्हणजे २.३९ रुंदीचा सिनेमा १.८५ च्या पडद्यावर लावतात आणि वर-खाली काळं कापड ओढत नाहीत. मग चित्राच्या वर-खाली राखाडी पट्टे अडीच तास चमकत राहतात.

तिसरं, आवाज. प्रोसेसरचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचं बटण, ७ वर असलं की मिक्सिंग करणाऱ्यानं ऐकलेली पातळी मिळते. पण ट्रेलर आणि जाहिराती कर्कश असतात, पब्लिक ओरडतं, ऑपरेटर फेडर साडेचारवर आणतो आणि मूळ सिनेमाही त्याच साडेचारवर चालतो. कुजबुज, पावलं, पाऊस, सगळं एसीच्या घरघरीखाली जातं. असा सिनेमा "पाहिला" म्हणून क्रमवारीत, आणि घरी नीट लावून पाहिलेला बाहेर?

खानापूरकर

निपाणीकर, "घरी नीट लावून" यातच सगळी मेख आहे. बहुतेक घरांत टीव्ही दुकानातून आला तसाच चालू असतो. काय काय बदलायचं ते लिहा की, नाहीतर तुमचा मुद्दा हवेत राहील.

निपाणी_नाका

लिहितो.

सगळ्यात आधी पिक्चर मोड "फिल्ममेकर" करा, तो नसेल तर "सिनेमा". "व्हिव्हिड" किंवा "डायनॅमिक"वर चेहरे निळसर पडतात, कारण दुकानाच्या ट्यूबलाइटखाली उठून दिसावं म्हणून तो मोड बनवलेला असतो.

मग मोशन स्मूदिंग बंद करा. एलजीत त्याला ट्रुमोशन म्हणतात, सोनीत मोशनफ्लो, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा असतो. टीव्ही मधल्या चौकटी स्वतः बनवून घालतो, म्हणून सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो आणि वेगानं हललेल्या हाताभोवती चिकट कडा येते. शार्पनेस बऱ्याच टीव्हींत शून्याच्या जवळ आणायचा. सोनीत मात्र ५० हाच मूळ आकडा आहे, तो खाली ओढलात तर चित्र मऊ पडेल.

आवाजात लोक हमखास चुकतात. टीव्हीचे दोनच स्पीकर असताना ॲपमध्ये ५.१ म्हणजे सहा चॅनलांचा आवाज निवडलेला असतो. संवाद मधल्या चॅनलला, आणि घरात मधला स्पीकरच नाही. टीव्ही सहा चॅनल दोनांत कोंबतो आणि बोलणं बारीक, मारामारी मोठी होते. ऑडिओच्या यादीत स्टिरिओ असेल तर तो घ्या.

आता अंतर. ५५ इंची टीव्हीला साडेपाच ते साडेसात फूट. आपल्याकडं सोफा भिंतीला लावलेला असतो, दहा-बारा फुटांवर. तिथून स्कोप सिनेमा बघणं म्हणजे फक्त २० इंच उंचीचं चित्र बघणं. खुर्ची पुढं ओढा, ट्यूब बंद करा. एवढं केलं की बरेचसे थेटर मागं पडतात.

टिळकवाडीकर

आणि मध्ये दाराची बेल वाजली की पॉझ. चित्र सुधारलं, पण माणूस अडकून बसत नाही. संथ सिनेमा घरी हरतो तो यामुळंच. पहिल्या चाळीस मिनिटांत काही घडत नसेल तर घरातला हात मोबाइलकडं जातो, थेटरात तो सिनेमा तुम्हाला पकडून ठेवतो. वर्षाच्या यादीत घरी पाहिलेल्यांत थरारपट वर आणि संथ सिनेमे खाली का असतात, ते तपासून बघा.

थेटरातल्या खोटींवर उपाय आहे, पण लोक उठून सांगत नाहीत. २डी सिनेमा फारच अंधारा दिसला तर मागं वळून प्रोजेक्टरच्या बूथच्या काचेकडं बघा. काही प्रोजेक्टरांत ३डीची लेन्स तशीच राहिली असेल तर एकाऐवजी दोन किरण एकावर एक दिसतात. पहिल्या दहा मिनिटांतच डोअरकीपरला गाठायचं आणि नेमकं बोलायचं: "३डीची लेन्स काढा", "फेडर एकानं वाढवा", "कापड खाली घ्या". "पिक्चर नीट नाही" म्हटलं तर कुणी हलत नाही. इंटरव्हलनंतर सांगून फायदा नाही, अर्धा सिनेमा गेलेला असतो.

खानापूरकर

मला दोघांचीही कसोटी पटत नाही. जागा कुठलीही असो, सिनेमा पूर्ण आणि मूळ वेगानं पाहिला का, एवढंच विचारा.

"पूर्ण" हे तपासता येतं. सुरुवातीला सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र येतं, त्यावर मिनिटं लिहिलेली असतात. ओटीटीवरची लांबी त्याच्याशी ताडा. फरक पडला म्हणजे लगेच कापलं असं नव्हे. २४ चौकटींचा सिनेमा टीव्ही चॅनलवर किंवा जुन्या डीव्हीडीवर २५ नं पळवलेला असतो. १५० मिनिटांचा सिनेमा १४४ मिनिटांत संपतो आणि आवाजही किंचित चढा लागतो. त्याहून जास्त मिनिटं गायब असली तर मात्र कात्री लागली, आणि ती आवृत्ती "पाहिला" म्हणून लिहू नये.

सव्वापट वेगानं पाहिलेला सिनेमा तर कुठल्याच पानावर नको. नटानं घेतलेला थांबा हा त्याच्या कामाचा भाग असतो. तो वीस टक्के छाटायचा आणि वर "अभिनय भावला नाही" म्हणायचं, हे मला अजिबात मान्य नाही.

अर्धवट सोडलेले मात्र लिहा, कुठल्या मिनिटाला सोडला त्यासह. वर्षाचा हिशेब करताना तेच पान सगळ्यात कामाचं ठरतं. विसाव्या मिनिटाच्या आत सोडलेले बरेच असतील तर निवड चुकते आहे. शंभराव्या मिनिटाला सोडलेले जास्त असतील तर उशिरा रात्री सिनेमा लावायची सवय नडते आहे.

कृष्णाकाठ_अथणी

या सगळ्यात कन्नड सिनेमा कुठं आहे? बेळगाव-चिकोडी-अथणी पट्ट्यातल्या मराठी माणसाच्या यादीत मराठी, हिंदी, इंग्रजी, मल्याळम, कोरियन सगळं असतं आणि ज्या राज्यात राहतो तिथला सिनेमा दोन-तीनच. तोही बऱ्याचदा हिंदीत डब केलेला.

टिळकवाडीकरांचा नियम लावला तर हे आणखी बिघडेल. इकडच्या थेटरात कन्नड सिनेमा बहुधा सबटायटलशिवाय लागतो. बाजारात, बँकेत कन्नड बोलणाऱ्यांनाही मंड्या-म्हैसूरकडची किंवा मंगळूरकडची बोली त्या वेगात कळत नाही. उत्तरेकडची धारवाडी-विजापुरी बोली असेल तर थेटरात जा, नव्वद टक्के समजेल. इतर बोलीचा असेल तर घरी सबटायटल लावून बघा आणि बिनधास्त क्रमांक द्या. डब केलेला मात्र वेगळा लिहा. डबिंगमध्ये ओठांना जुळवण्यासाठी वाक्यं बदलतात आणि कधी बोलीतला फरक पूर्ण पुसला जातो. जमीनदार आणि गडी एकाच हिंदीत बोलायला लागले की त्या सिनेमातला निम्मा अर्थ गेला.

टिळकवाडीकर

कन्नड सिनेमाबद्दल शंभर टक्के सहमत, तो यादीत यायलाच पाहिजे. पण त्यासाठी नियम मोडायची गरज नाही. कन्नडला इथं खेळांची ददात नाही, मराठीला आहे. माझा आग्रह ज्याचे खेळ जातात त्याच्यासाठी आहे.

कृष्णाकाठ_अथणी

म्हणजे क्रमवारी सिनेमाची नाही, तिकीटविक्रीची झाली. मराठीला तिकीट काढून आधार द्या, पहिल्या तीन दिवसांत द्या, चार जणांना घेऊन जा. पण सामान्य सिनेमा थेटरात पाहिला म्हणून वर आणि उत्तम सिनेमा मोबाइलवर पाहिला म्हणून बाहेर, असं झालं तर त्या यादीवर विश्वास कसा ठेवायचा?

चोर्ला_घाट

महोत्सववाल्यांचं कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून गोव्यात होतो. २०२४ आणि २०२५ मध्ये २० ते २८ नोव्हेंबर अशाच तारखा होत्या, आणि बेळगावहून पणजी चोर्ला घाटानं तीन-साडेतीन तासांवर. त्यामुळं इकडच्या बऱ्याच रसिकांचं निम्मं वर्ष त्या नऊ दिवसांत भरतं आणि यादी नोव्हेंबरकडं झुकते.

तिथं दिवसाला चार-पाच सिनेमे बघतात. चौथ्या सिनेमात डोळे सबटायटल वाचतात, डोकं वाचत नाही. थेटरात पाहिला, पूर्ण पाहिला, मूळ भाषेत पाहिला, तुमच्या तिन्ही कसोट्या पार. तरीही त्याला क्रमांक देऊ नये. तीनपेक्षा जास्त पाहिलेल्या दिवशी पुढच्या सिनेमांसमोर खूण करा आणि पुन्हा बघेपर्यंत त्यांना क्रमवारीबाहेर ठेवा. दोन सिनेमांत किमान पाऊण तास ठेवा आणि त्यात तीन ओळी लिहा: शेवट काय झाला, कुठलं एक दृश्य लक्षात राहिलं, कुणाचं काम. नाही लिहिलं तर रात्री दोन सिनेमांतली माणसं एकमेकांत मिसळतात.

निपाणी_नाका

पैशाचाही विचार करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के जीएसटी, त्याच्या वर १८. म्हणजे १०० चं तिकीट १०५ ला आणि १२० चं १४१ रुपये ६० पैशांना. ऑनलाइन काढलं तर बुकिंगचा आकार वेगळा. कर्नाटक सरकारनं त्याच महिन्यात कर सोडून २०० रुपयांची कमाल मर्यादा घातली होती, तिला उच्च न्यायालयानं लगेच अंतरिम स्थगिती दिली. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, तिथं मराठीचे खेळ जास्त, पण पेट्रोल धरलं की तिकिटापेक्षा प्रवास महाग. "फक्त थेटर" हा नियम शहरात राहणाऱ्याला सोपा पडतो. रायबाग-हुक्केरीच्या खेड्यातल्या रसिकानं वर्षाला किती सिनेमांची यादी करायची?

आणि जुन्या सिनेमांचं काय? प्रभात कंपनी १९२९ ला कोल्हापुरात उभी राहिली, १९३३ ला पुण्याला गेली. आपल्या अगदी शेजारचा हा वारसा. त्यांचे सिनेमे कुठल्या थेटरात लागतात आज? घरीच बघावे लागतात. तुमच्या नियमानं अख्खा जुना मराठी सिनेमा कायमचा क्रमवारीबाहेर.

टिळकवाडीकर

जुन्यांची वेगळी यादी करा, त्यात जागेची अट नको, एवढं मला मान्य आहे. त्या वर्षी प्रदर्शित झालेल्या सिनेमांबाबत मात्र मी हटणार नाही. खेडेगावातल्या रसिकानं वर्षाला चार पाहिले तर चारांचीच क्रमवारी लावावी, ती चाळीसांच्या यादीपेक्षा कमी प्रतीची होत नाही.

खानापूरकर

जुने घरी बघणार असाल तर एक सांगून ठेवतो. त्या काळच्या चित्राची चौकट जवळजवळ चौकोनी, ४:३ च्या आसपास. टीव्ही १६:९. यूट्यूबवरच्या कित्येक प्रतींत चित्र आडवं ताणून बसवलेलं असतं, माणसं बुटकी आणि थाळीतोंडी दिसतात. दुसऱ्या काही प्रतींत वर-खाली छाटून पडदा भरलेला असतो, तिथं कपाळं आणि पायऱ्या गायब. ताणलेली प्रत टीव्हीच्या पिक्चर साइझमध्ये ४:३ निवडून सरळ करता येते. छाटलेलीला इलाज नाही, दुसरी प्रत शोधा. ओळखायची खूण म्हणजे श्रेयनामावली. नावांच्या वरच्या किंवा खालच्या ओळी अर्ध्या कापलेल्या दिसल्या की ती प्रत तिथंच बंद करायची.

कृष्णाकाठ_अथणी

जुन्या कन्नड सिनेमांच्या प्रतींचंही अगदी हेच. त्यांच्या ज्या प्रतींत सबटायटल चित्रातच छापलेले असतात, त्यात तळाची ओळ कापली गेली तर संवादच जातात. सिनेमा लावायच्या आधी मधलं कुठलंही एक दृश्य उघडून दोन ओळींचं सबटायटल पूर्ण दिसतंय का ते बघा. आणि टिळकवाडीकर, तुमचा चालू वर्षाचा नियम मला अजूनही मान्य नाही. माझ्या यादीत घरचे आणि थेटरातले एकत्रच राहतील, फक्त प्रत्येक नावापुढं कुठं पाहिला ते लिहिलेलं असेल.