फेरीबोटीतून उतरल्यावर गाडी बंद पडते : पंप, सेन्सर की आणखी काही?

डिचोलीकर

नमस्कार. माझ्याकडे २०१४ सालची, १२०० सीसीची, चार सिलिंडरची पेट्रोल गाडी आहे. ती आजवर सुमारे ९२,००० किलोमीटर धावली आहे. गेल्या दोन महिन्यांपासून ती चालता चालता बंद पडू लागली असून आता मला तिची धास्ती वाटू लागली आहे.

मी डिचोलीहून मये, चोडण आणि पुढे फेरीबोटीने रायबंदर असा रोज पणजीला कामावर जातो. सकाळी गाडी एका चावीत सुरू होते आणि चोडणच्या धक्क्यापर्यंत तिची काहीही तक्रार नसते. फेरीत अर्थातच इंजिन बंद करतो. रायबंदरला उतरून पणजीच्या कॉजवेला लागलो की दोन-तीन किलोमीटरच्या आत इंजिन एकाएकी बंद पडते. आधी आचके बसत नाहीत, जोर कमी झाल्याचे जाणवत नाही, दिवा मालवावा तशी गाडी मालवते. त्यानंतर स्टार्टर व्यवस्थित फिरतो, पण इंजिन पकडत नाही, आणि वीस-पंचवीस मिनिटे थांबले की काही घडलेच नाही अशा थाटात ती सुरू होते. परतीच्या वाटेवर हाच प्रकार सलीम अली पक्षी अभयारण्याच्या आसपास होतो. (एका संध्याकाळी तिथे मी चाळीस मिनिटे बगळे मोजत बसलो होतो, घरी ते कोणी खरे मानले नाही.)

गॅरेजमध्ये आधी प्लग आणि एअर फिल्टर बदलले, मग थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) साफ केली. नंतर गाडी मेस्त्रींच्या समोरच बंद पडली, तेव्हा त्यांनी पाइप सोडवून पाहिला, पेट्रोल येत नव्हते, म्हणून टाकीतील पंपही नवा बसवला. एकूण ११,५०० रुपये खर्च झाले आणि गाडी चौथ्या दिवशी पुन्हा कॉजवेवर उभी राहिली. आता ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) बदलावा लागेल असे सांगण्यात येत आहे. बंद पडल्यावर चावी चालू ठेवली तर डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागतो, पण गाडी पुन्हा सुरू झाली की तो विझतो आणि चालताना कधीही पेटत नाही. ईसीयूवर खर्च करावा का?

सत्तरीकर

मला पेट्रोलचा संशय येतो. आपली गाडी २०१४ची आहे, म्हणजे २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल गृहीत धरून गाड्या बनू लागल्या त्याच्या बऱ्याच आधीची. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि पाण्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले की पाणी व इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात. पंपाचे तोंड नेमके तळाशीच असते. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे घडणे अशक्य नाही; माझ्या गाडीत गेल्या वर्षी हेच झाले होते. गॅरेजमध्ये पारदर्शक काचेच्या बाटलीत थोडे पेट्रोल काढून घ्यावे आणि ते स्थिर ठेवावे, तळाशी वेगळा थर दिसला तर उत्तर मिळेल. जवळपास आगीचा किंवा ठिणगीचा संबंध येऊ देऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

मीटरवाला

ईसीयूला तूर्त हात लावू देऊ नका. अशा गाड्यांत ईसीयू खराब होतो, पण क्वचित. आणि जो भाग तपासता येत नाही त्याच्यावर दोष ढकलणे सोपे असते.

सत्तरीकरांनी सांगितलेली तपासणी जरूर करावी, परंतु लक्षणे पाण्याच्या बाजूने बोलत नाहीत. तळाशी पाणी असते तर ते रात्रभर गाडी उभी असताना आणखी नीट स्थिरावले असते आणि सर्वांत जास्त त्रास सकाळच्या पहिल्या सुरुवातीलाच झाला असता. शिवाय इंजिन आचके देत, कण्हत बंद पडले असते. इथे सकाळी गाडी उत्तम आहे.

आता पंपाविषयी. मेस्त्रींनी पाहिले ते खोटे नाही, पेट्रोल खरोखरच येत नसणार. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकला. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत चावी चालू केल्यावर पंप सुमारे दोन सेकंद चालतो आणि थांबतो, त्यानंतर क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य दांडा) फिरत असल्याचा संकेत मिळाला तरच ईसीयू त्याला पुन्हा चालू करतो. अपघातात इंजिन थांबल्यावर पेट्रोल वाहत राहू नये, यासाठी ही सोय केलेली असते. हा संकेत देणाऱ्या क्रँक सेन्सरकडून तो आलाच नाही तर ईसीयूच्या लेखी इंजिन उभे आहे. मग तो पंपही चालवत नाही, ठिणगीही देत नाही आणि इंजेक्टरही उघडत नाही. अशा वेळी पाइप सोडवला की पेट्रोल दिसत नाही आणि बिचारा पंप बदलला जातो. ठिणगी तपासली असती तर कदाचित कॉइल बदलल्या गेल्या असत्या.

आपल्या प्रश्नातला सर्वांत मोलाचा शब्द फेरीबोट हा आहे. धावत्या गाडीत इंजिनाभोवती वारा खेळता असतो आणि रेडिएटरमधून पाणी फिरत असते. गरम इंजिन बंद केले की हे दोन्ही थांबते, पण धातूत साठलेली उष्णता कुठेही जात नाही, ती आजूबाजूच्या भागांत पसरते. त्यामुळे इंजिन बंद केल्यानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांत बॉनेटखालचे तापमान चालत्या गाडीपेक्षाही वाढते. आपण रोज नेमक्या याच वेळेला फेरीत असता. सेन्सरच्या आतील बारीक तारेच्या वेटोळ्यात कुठे तडा असेल तर थंड असताना तो जुळलेला राहतो आणि तापल्यावर उघडतो. वीस मिनिटांनी निवला की पुन्हा जुळतो.

हा अजून अंदाजच आहे. म्हणून दोन गोष्टी सांगाव्यात. फेरी न घेता लांबचा प्रवास केला तर गाडी बंद पडते का? आणि गाडी गिअरमध्ये धावत असताना बंद पडते त्या क्षणी आरपीएमचा (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे दाखवणारा) काटा काय करतो? क्लच दाबलेला नसेल तर इंजिन बंद पडले तरी चाके त्याला फिरवतच असतात. अशा वेळी केवळ पेट्रोल तुटले असेल तर काटा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू खाली येतो. गाडी धावत असूनही काटा एकदम शून्यावर पडला तर संकेतच तुटला आहे असे समजायला जागा आहे.

आणखी एक, निदानाइतकेच महत्त्वाचे. इंजिन बंद पडल्यावर स्टिअरिंग जड होते आणि ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरमध्ये दोन-तीन वेळा दाबण्यापुरताच व्हॅक्यूम शिल्लक राहतो. ब्रेक वारंवार सोडून दाबू नये, एकदाच ठामपणे दाबून गाडी कडेला घ्यावी. चावी पूर्ण फिरवून काढू नये, स्टिअरिंगला कुलूप बसेल.

फोंडेकर

वरील विवेचन पटले. फक्त मुख्य रिलेचा (ईसीयूला वीज देणाऱ्या स्विचचा) विद्युतपुरवठा तुटला तरी काटा असाच पडतो, ही शक्यता आधी निकालात काढावी लागेल. त्यासाठी गाडी बंद पडलेली असताना चावी चालू करून चेक इंजिनचा दिवा लागतो का आणि मागच्या सीटखालून पंपाची दोन सेकंदांची गुणगुण ऐकू येते का, हे पाहावे. बॅटरीचे टर्मिनल आणि इंजिनाचे अर्थिंगही पाहून घ्यावे, कारण खाऱ्या हवेने आपल्याकडे त्यांच्यावर पांढरी-हिरवी बुरशी धरते. स्टार्टर फिरत असताना बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिनाच्या ब्लॉकपर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर अर्थिंग सुधारावे.

डिचोलीकर

सर्वांचे आभार. रविवारी साखळी, बाणस्तारीमार्गे फोंड्याला आणि पुढे मडगावला जाऊन आलो, दुपारच्या उन्हात, एसी लावून. गाडी एकदाही थांबली नाही. आठवून पाहिले तर फेरीशिवायच्या प्रवासात ती केवळ एकदा बंद पडली आहे, तीही म्हापशाला बाजारात दहा मिनिटे उभी करून निघाल्यावर.

आज सकाळी कॉजवेवर काट्याकडे लक्ष ठेवून होतो. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये सुमारे चाळीसच्या वेगाने धावत असताना काटा जागच्या जागी शून्यावर पडला. बंद पडल्यावर दिवा लागत होता आणि पंपाची गुणगुणही स्पष्ट ऐकू आली. अर्थिंगचा फरक ०.१५ व्होल्ट आला. बाटलीतले पेट्रोलही एकसारखे, स्वच्छ निघाले.

मीटरवाला

म्हणजे ईसीयू जागा आहे, रिले काम करतो आहे, पंप तयार आहे. केवळ इंजिन फिरते आहे हे त्यांना कोणी सांगत नाही. आता सेन्सर थेट तपासावा. आपल्या गाडीत तो बहुधा गिअरबॉक्सच्या जोडापाशी, फ्लायव्हीलच्या दातांकडे तोंड करून बसवलेला असेल. कनेक्टरला दोनच तारा असतील तर मल्टिमीटरने त्याचा रोध मोजता येतो. अशा सेन्सरचा रोध साधारण काही शे ते दीड हजार ओहमच्या दरम्यान असतो, नेमका आकडा आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावा. तारा तीन असतील तर तो बहुधा हॉल प्रकारचा (आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला) सेन्सर असतो आणि ओहमवर मोजून त्याच्याविषयी काही कळत नाही, उलट तो बिघडू शकतो.

एकदा थंड असताना मोजा आणि एकदा गाडी बंद पडल्यावर, पंख्याच्या पट्ट्यापासून हात दूर ठेवून, लगेच मोजा. थंड असतानाचे माप चांगले आले म्हणून सेन्सर निर्दोष ठरत नाही. बहुतेक गॅरेजमध्ये गाडी पोहोचेपर्यंत ती निवलेली असते आणि तिथेच घोटाळा होतो. स्कॅनर लावल्यास पी ०३३५ हा क्रँक सेन्सरच्या सर्किटमधील दोषाचा कोड मिळू शकतो, पण तो नसला तरी सेन्सरला सोडून देऊ नका, कारण असा दोष अनेकदा कोड न ठेवता येतो आणि जातो.

डिचोलीकर

तारा दोनच निघाल्या. घरी, सकाळी : ८७० ओहम. रायबंदरला बंद पडल्यावर, रस्त्याच्या कडेला वाकून : मीटरवर काहीच नाही, म्हणजे सर्किट उघडे. मग बाटलीतल्या पाण्याने भिजवलेले फडके सेन्सरवर पाच मिनिटे धरले. मीटरवर पुन्हा आकडा आला आणि गाडी सुरू झाली. त्या क्षणी मला झालेला आनंद गाडीच्या किमतीशी सुसंगत नव्हता.

मूळ कंपनीचा सेन्सर १,६५० रुपयांना मिळाला, बसवण्याचे ३०० झाले. मात्र एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. सेन्सर बदलून तीन दिवस झाले, फेरीनंतरचा त्रास गेला, पण आता गतिरोधकापाशी क्लच दाबून वेग कमी केला की गाडी कधी कधी बंद पडते, विशेषतः एसी चालू असताना. लगेच सुरूही होते. नवा सेन्सरही सदोष असेल का?

मीटरवाला

काटा कसा पडतो?

डिचोलीकर

हळूहळू. ९००वरून ६००, मग थरथर आणि मग बंद.

मीटरवाला

मग हा दुसराच आजार आहे. सेन्सर बदलताना बॅटरी सोडवली असेल. थ्रॉटल किती मळला आहे आणि आयडलिंगला (गाडी उभी असताना इंजिन नुसते चालू राहायला) किती हवा द्यावी, याचा हिशेब ईसीयू चालता चालता शिकत असतो. बॅटरी सुटली की अनेक गाड्यांत ती शिकवण पुसली जाते. आपला थ्रॉटल नुकताच साफ केलेला असल्यामुळे अंदाज आणखी चुकतो. काही गाड्या दोन-तीन दिवसांत आपोआप जुळवून घेतात, काहींना स्कॅनरने आयडल लर्निंग करून द्यावे लागते. तसे करूनही आरपीएम खाली जात राहिले तर साफसफाईच्या वेळी सोडवलेल्या हवेच्या रबरी नळ्या पाहाव्यात, एखादी नीट बसली नसण्याची शक्यता असते.

डिचोलीकर

दोन्ही निघाले. बॅटरी सोडवली होती, आणि थ्रॉटलच्या मागची बोटाएवढी नळी अर्धवट सरकलेली होती. नळी बसवून क्लिप आवळली, स्कॅनरने लर्निंग करून घेतले. आता एसी लावूनही काटा ८००च्या आसपास स्थिर राहतो. गेले पंधरा दिवस दोन्ही वेळा फेरीने ये-जा केली, गाडी एकदाही बंद पडली नाही. काढलेला जुना पंप मी मेस्त्रींकडून परत मागून घेतला आहे. तो बारा व्होल्टवर अगदी उत्तम चालतो. देव बरें करूं.