अ‍ॅलिस मन्रोच्या गोष्टीतली मुलगी नक्की कोणामुळे बदलते?

सबमिशन_शुक्रवारी: मन्रोची 'बॉइज अँड गर्ल्स' वाचलीये का कोणी? एमएच्या असाइनमेंटला आलीये, इतरांच्या प्रभावाने मुख्य पात्र कसं बदलतं ते लिहायचंय. कॅनडातलं फार्म, वडील फरसाठी कोल्हे पाळतात, अकरा वर्षांची मुलगी त्यांच्या हाताखाली राबते आणि आईला ती घरात हवीये. मी सरळ लिहिलं की आई आणि आजी तिला बदलतात. मैत्रीण म्हणते शेवटी ती मारायला काढलेल्या फ्लोरा घोडीला पळायला गेट उघडं सोडते, ते तर बंड झालं, मग बदलली कुठे? डोकं चालेना.

ओसरीवरचा: आजीवर एवढा भार टाकू नकोस गं. आजी म्हणते दारं आपटू नको, गुडघे जुळवून बस, तर पोरगी मुद्दाम दारं आपटत राहते. उपदेश चाललाच नाही की! आतपर्यंत जातं ते वडिलांचं. आधी ते एका सेल्समनला तिची ओळख आपला नवा गडी म्हणून करून देतात, ती खूश, आणि तो हसत म्हणतो मला वाटलं नुसती मुलगीच आहे. शेवटी जेवणाच्या टेबलावर वडील जवळपास तेच बोलतात, तेही न चिडता, सोडून दिल्यासारखं, आणि ती मनातल्या मनातसुद्धा नाही म्हणत नाही. मला तर ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

पानगळ_७९: रात्री अंथरुणात ती स्वतःला गोष्टी सांगते तो भाग घे, सगळ्यात पक्का पुरावा तोच आहे. आधी त्यात ती स्वतः लोकांना वाचवते, बंदूक चालवते, घोड्यावर बसते. नंतर तिलाच कोणीतरी वाचवायला येतं आणि केस कसे, ड्रेस कोणता यातच गोष्ट अडकते. हे मन्रो गेटनंतर सांगते पण चालू आधीपासून असतं, म्हणजे ज्या दिवशी गेट उघडं सोडलं त्या दिवशी ती आतून बरीच बदललेली होती. बंड की बदल असं एकच निवडायची गरजच नाही.

ओसरीवरचा: हे भारी! आणि लेअर्डला विसरू नका, धाकटा भाऊ. फ्लोराला मारायला तो पुरुषांबरोबर ट्रकमधून जातो, हाताला लागलेलं रक्त दाखवतो आणि गेटचं तोच सांगून टाकतो. तोही घडवलाच जातोय, फक्त त्याला ते बक्षीस वाटतं.

सबमिशन_शुक्रवारी: थँक्यू दोघांना 🙏 पण मग गेट कोणाच्या प्रभावाने? तिथे तर कोणीच काही बोलत नाही.

पानगळ_७९: बोलत नाही, पण तिने बघितलंय ना. मॅक घोड्याला गोळी घालताना लेअर्डला घेऊन लपून बघते, त्यानंतर वडिलांबद्दल आणि त्यांच्या कामाबद्दल ती जरा बिचकायला लागते. कोल्ह्यांना घोड्यांचंच मांस घालतात हे तिला पहिल्यापासून माहीत होतं, बघितल्यावर मात्र ते वेगळं झालं. मन्रोचे स्वतःचे वडील ओंटारिओत विंगहॅमला कोल्हे पाळायचे म्हणून फार्मचे तपशील इतके घट्ट आहेत, पण असाइनमेंटमध्ये चरित्रात घुसू नको, मार्क मिळत नाहीत. शब्दमर्यादा किती आहे? हजार असेल तर लेअर्ड एका परिच्छेदात उरक आणि रात्रीच्या गोष्टींना जागा दे.