टॅग मिळालाय तर घाई नको

वरती विचारलंय की इतक्या वर्षांनी अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात प्रॉन्गहॉर्नच्या (हरणासारखा शिंगांचा प्राणी) शिकारीचा टॅग, म्हणजे परवाना, लागलाय, तर पहिल्याच दिवशी दिसेल तो नर मारावा का. माझं ऐका, नका मारू. मी 9 वर्षं पॉइंट (सोडतीत प्राधान्य देणारे गुण) जमवले तेव्हा कुठे ड्रॉमध्ये, म्हणजे टॅगच्या सोडतीत, नाव आलं, आणि 2022-23 च्या हिवाळ्यात तिथे एवढे कळप मेले की नंतर टॅगही बरेच कमी केले, म्हणजे पुढचा टॅग कधी लागेल सांगता येत नाही.

आधी दोन दिवस नुसतं स्पॉटिंग स्कोपमधून (लांबचं बघायची दुर्बीण) बघा. कान साधारण 6 इंचाचा असतो, शिंग त्याच्या दुपटीहून बरंच वर गेलं आणि पुढचा फाटा कानाच्या टोकाच्या वर फुटलेला दिसला की तो नर चांगला. यांची नजर फार तेज, सेजब्रशच्या झुडपांमध्ये लांबूनच ओळखतात, म्हणून ओढ्याच्या खोलगट भागातून वाकून जायचं, गुडघ्याला पॅड लावाच कारण निवडुंगाचे काटे पँटमधून आरपार जातात (माझे रात्री चिमट्याने काढले).

आणि बर्फाचे कूलर गाडीत आधीच भरून ठेवा हो, सप्टेंबरच्या उन्हात कातडं लगेच काढलं नाही तर मटण वाया जातं. युनिट (शिकारीचा ठरवून दिलेला भाग) कुठलं मिळालंय?