मदत हवी आहे : घरातल्या एअर रायफलला सायलेन्सर कुठला घ्यावा? (कोथरूड, तिसरा मजला)

तिसरामजला

नमस्कार मंडळी. घरातच १० मीटरचा सराव चालू केलाय, पण आवाजावरून सोसायटीत कुरबूर सुरू झाली आहे. तपशील असा :

रायफल स्प्रिंगची, नळी मोडून (बिजागरीवर खाली वाकवून) भरायची, नळीचा व्यास .१७७ इंच म्हणजे ४.५ मिमी. खोक्यावर '१००० फूट प्रति सेकंद' छापलंय. छर्रे दुकानदाराने सोबत दिलेले, हलक्या मिश्रधातूचे, टोकदार, ०.३५ ग्रॅमचे. हॉल, पॅसेज आणि मागची बेडरूम एका रेषेत धरून साडेअकरा मीटर मिळतात. ट्रॅप (छर्रे अडवणारा सापळा) लोखंडी पत्र्याचा, शंकूसारखा, बेडरूमच्या भिंतीला चार स्क्रूंनी पक्का केलाय. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची झोपायची खोली. खालच्या मजल्यावरचे काकाही दोनदा वर येऊन गेले.

ऑनलाइन नळीवर बसणारे 'साउंड मॉडरेटर' दिसतात. परदेशात शिकारी लोक सबसॉनिक (ध्वनीपेक्षा कमी वेगाची गोळी सोडणाऱ्या) रायफलला असलेच लावतात आणि आवाज जवळजवळ येतच नाही, असं वाचलं. त्यातला कुठला माझ्या रायफलला चालेल? बालेवाडीच्या शूटिंग रेंजवर रोज जाणं जमणार नाही, हे आधीच सांगतो.

काळाठिपका

कुठलाच नको. कायद्याचं आधी सांगतो. .१७७ ची आणि २० ज्यूल ऊर्जेपर्यंतची एअर रायफल बाळगायला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. पण बंदुकीचा आवाज किंवा ठिणगी कमी करण्यासाठी बनवलेलं साधन त्याच नियमांत प्रतिबंधित वर्गात बसवलंय. 'हा एअरगनचा आहे हो' असं विकणारा म्हणेल. आटे जुळले की ती नळी कशावरही बसते, आणि हा वाद घालायची जागा पोलीस चौकी नव्हे.

दुसरं म्हणजे, त्याचा तुम्हाला उपयोगही नाही. स्प्रिंगच्या रायफलीत नळीच्या तोंडातून येणारा आवाज हा एकूण गोंगाटातला लहान भाग असतो. शेजाऱ्यांना जे ऐकू जातंय ते बहुतेक तुमच्या ट्रॅपचं आहे. पत्र्याचा शंकू भिंतीला स्क्रूने आवळलात, म्हणजे तुम्ही शेजाऱ्यांच्या भिंतीचा ढोल केलात आणि टिपरू स्वतः हातात घेतलंत.

ध्वनिमर्यादा

शिकारीच्या सायलेन्सरचं गणित वेगळं आहे, ते एकदा समजून घ्या म्हणजे ऑनलाइन जाहिरातींना भुलणार नाही.

काडतुसाच्या रायफलीत आवाज दोन जागी तयार होतो. नळीच्या तोंडाशी दाबाखालचा गरम वायू एकदम सुटतो, तो एक. आणि गोळी ध्वनीपेक्षा वेगाने गेली तर ती जाईल तिथपर्यंत हवेत 'चट्ट' असा तडाखा उठत राहतो, तो दुसरा. सायलेन्सर फक्त पहिल्यावर चालतो. दुसऱ्यावर उपाय एकच : गोळीच सावकाश सोडायची. म्हणून तिकडे शांत रायफल म्हटलं की जड गोळी, कमी वेग आणि मग सायलेन्सर अशी तिन्हींची सांगड असते. .३०० ब्लॅकआउट या काडतुसात २२० ग्रेनची (सुमारे १४ ग्रॅमची) गोळी साधारण ३०० ते ३१० मीटर प्रति सेकंदाने सोडतात ती याचसाठी.

ध्वनीचा वेग तापमानावर ठरतो, पुण्याच्या उंचीवर नाही. १२ अंशांच्या पहाटे ३३८ मीटर प्रति सेकंद, २० अंशांना ३४३, मे महिन्यात ३५ अंशांना ३५२. आपल्या नेमबाजांची ५० मीटरची .२२ ची स्पर्धेची काडतुसंसुद्धा या रेषेच्या खालीच ठेवलेली असतात. तिथे कारण आवाज नसून नेम आहे. ध्वनीच्या वेगाची सीमा ओलांडून खाली येताना गोळी डगमगते.

आता तुमची रायफल. १००० फूट म्हणजे ३०५ मीटर प्रति सेकंद. म्हणजे तुम्ही आधीच सबसॉनिक आहात. तडाखा मारणारा आवाज येत असेल तर त्याचं कारण वेगळं आहे, ते कोणीतरी सांगेलच.

(आणि एअर रायफलने कबुतरं, रानडुकरं वगैरे डोक्यात असेल तर सोडून द्या. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि तो एअरगनला वगळत नाही.)

तिसरामजला

शिकारीचा प्रश्नच नाही, कागदाच्या टार्गेटपलीकडे काही नाही. पण कधीकधी नळीतून धूर येतो आणि तेव्हा आवाज दुप्पट होतो. जळकट वासही येतो. हेच ते कारण का?

स्प्रिंगवाला

हेच. याला डिझेलिंग म्हणतात. पिस्टन पुढे धावला की हवा एकदम दाबली जाऊन तापते, सिलिंडरमधलं तेल पेट घेतं आणि छर्रा ठरल्यापेक्षा जोरात सुटतो. हलका छर्रा अशा वेळी ध्वनीची मर्यादाही ओलांडतो. नव्या रायफलीत कारखान्यातलं तेल जळेपर्यंत थोडं होतंच. पण वरचेवर होत असेल तर कोणीतरी नळीमागच्या भोकातून तेल सोडलंय. शिलाई मशीनचं तेल, खोबरेल, फवारणीचं वंगण, यातलं काहीही सिलिंडरमध्ये घालायचं नाही. पिस्टनचं सील जळतं आणि स्प्रिंग तुटते.

नळीतून कोरड्या कापडाचे बोळे एकाच दिशेने, मागून पुढे, ओढून घ्या. काळे निघायचे थांबले की पुरे.

घोडा ओढल्यावर 'झुंईं' असा कंप गालाला जाणवत असेल तर ती स्प्रिंग आत थरथरतेय. त्यावर घट्ट चिकट डॅम्पिंग ग्रीस स्प्रिंगच्या वेटोळ्यांना पातळ हात देऊन लावतात, पिस्टनच्या सीलपुढे अजिबात नाही. जास्त लावलं की वेग पडतो. पण हे काम घरी करू नका. स्प्रिंग आत दाबून बसवलेली असते, मागची खीळ काढताना क्लॅम्प नसेल तर ती तोंडावर येते. एअरगन दुरुस्त करणाऱ्याकडून करून घ्या.

आणि कृपा करून रिकामी रायफल उडवू नका. पुढे छर्रा नसला की हवेची उशी तयार होत नाही, पिस्टन सरळ लोखंडावर आदळतो. आवाजही मोठा, नुकसानही मोठं.

काळाठिपका

छर्रे बदला, आजच. मिश्रधातूचे छर्रे कडक असतात, पत्र्यावर शिशासारखे चपटे होत नाहीत, उलट उडून येतात. टोकदार तर मुळीच नको. शिशाचे, चपट्या डोक्याचे, ०.५३ ग्रॅमच्या आसपासचे घ्या. कागदात गोल स्वच्छ भोक पडतं, गुण मोजता येतात.

हिशेब करून पाहा. ०.३५ ग्रॅम आणि ३०५ मीटर म्हणजे सुमारे १६ ज्यूल. तेवढीच ऊर्जा ०.५३ ग्रॅमच्या छर्‍याला मिळाली तर वेग २४५ च्या आसपास येतो. स्पर्धेची १० मीटरची रायफल १७० ते १७५ मीटर वेगाने, ८ ज्यूलच्या आतबाहेर चालते. म्हणजे तुमची रायफल गरजेच्या दुप्पट ताकदीची आहे. ट्रॅप करताना हे लक्षात ठेवा. इंटरनेटवरचे बहुतेक घरगुती ट्रॅप त्या ८ ज्यूलच्या रायफलींसाठी आखलेले असतात.

सुतारपक्षी

ट्रॅपचं मी सांगतो, सगळी गंमत तिथेच आहे.

१८ मिमी प्लायची पेटी, आतून २५ × २५ सेंमी, खोली ३० सेंमी. तुकडे भवानी पेठेत टिंबर मार्केटमध्ये कापूनच मिळतात, घरी करवत चालवून आणखी एक तक्रार ओढवून घेऊ नका. सगळ्यात मागे ३ मिमी लोखंडी प्लेट. ती प्लायला थेट ठोकायची नाही, मध्ये १० मिमी जाड रबराचा तुकडा ठेवायचा. प्लेटपुढे ५ सेंमी जाडीचा तेलकट क्लेचा थर, तोच जो मूर्तिकार नमुने घडवायला वापरतात आणि जो वाळत नाही. या मापाला पाच किलोच्या आसपास लागतो. क्लेपुढे १५ सेंमी घट्ट कोंबलेल्या चिंध्या. तोंडाला पुठ्ठा, त्यावर टार्गेट.

छर्रा चिंध्यांत वेग गमावतो आणि क्लेत रुततो. 'टण्ण' ऐवजी 'फप्' येतं, तेही खोलीतच राहतं.

कुठे बिघडतं ते नीट वाचा :

शाडू माती वापरू नका. गणपतीनंतर घरात शिल्लक असते म्हणून मोह होतो. आठवड्यात वाळते, तडकते, आणि प्रत्येक छर्‍यासोबत शिसं मिसळलेली धूळ उडवते. एम-सीलसारखं कडक होणारंही काही नको, छर्रा परत येईल. वाळू नको, तीही धूळ उडवते.

तेलकट क्ले मे महिन्यात मऊ पडून खाली सरकतो. वरच्या बाजूला प्लेट उघडी पडली की लगेच आवाजावरून कळतं. प्लेटवर बारीक जाळी बसवली तर तो धरून राहतो.

चिंध्यांत जीन्सच्या पट्ट्या उत्तम, सिंथेटिक साडी वाईट, ती घसरते. नेम चांगला असेल तर सगळे छर्रे एकाच जागी जाऊन चिंध्यांत बोगदा होतो. दर दोनशे छर्‍यांनी पेटी उघडून चिंध्या उलटसुलट करा आणि क्लेमधले छर्रे काढा. छर्‍यावर छर्रा आपटायला लागला की तो फुटतो, कडेने उडतो.

तिसरामजला

ही पेटी भिंतीवर टांगू ना? टार्गेट १.४० मीटर उंचीवर हवं म्हणून विचारतो.

सुतारपक्षी

भिंतीला हात लावायचा नाही! उंची बरोबर आहे, मध्यबिंदू जमिनीपासून १.४० मीटर, पाच सेंमी इकडेतिकडे चालतं. लाकडी घोडी करा, चार पायांखाली प्रत्येकी टायरच्या रबराचे दोन थर, आणि घोडी भिंतीपासून किमान १५ सेंमी पुढे. पेटी आणि घोडी यांच्यामध्ये घडी घातलेली गोधडी. खालच्या काकांना जे ऐकू जातं ते पायांतून फरशीत उतरणारं असतं.

पेटीमागे भिंतीवर १२ मिमी प्लायचा मोठा तुकडा उभा करा, किमान एक मीटर रुंद आणि दोन मीटर उंच. तो आवाजासाठी नाही, चुकलेल्या छर्‍यासाठी.

पत्र्याचा शंकू देऊन टाका कोणाला तरी. ज्याचा बंगला आहे अशाला.

ध्वनिमर्यादा

आवाज कुठून येतोय हे आधी तपासा, मग खर्च करा. एकाला शेजाऱ्यांच्या खोलीत उभं करा. पाच छर्रे आहे त्या ट्रॅपवर. मग तोच ट्रॅप काढून, आत चिंध्या कोंबून, स्टुलावर गोधडी घालून ठेवा आणि पाच छर्रे. शेजाऱ्यांना दुसऱ्या वेळी ऐकूच आलं नाही तर रायफलीला हात लावायची गरज नाही. मोबाइलच्या डेसिबल ॲपवर जाऊ नका. इतका क्षणिक आवाज फोनचा माइक कापून टाकतो आणि आकडा भलताच येतो.

नियमाने रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्र म्हणजे १० ते ६. पण काकांशी भांडायला हे आकडे वापरू नका. दुपारी १ ते ४ बंद ठेवलंत तर अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतील, पुण्यात आहात.

छर्रामोजणी

एक गोष्ट कोणी नीट बोललं नाही. शिसं. ०.५३ ग्रॅमचे शंभर छर्रे रोज, महिन्यात पंचवीस दिवस, म्हणजे सव्वा किलोहून जास्त शिसं तुमच्या बेडरूमच्या त्या पेटीत साठणार. पेटी उघडताना मास्क आणि हातमोजे. खाली सांडलेलं केरसुणीने झाडायचं नाही, ओल्या फडक्याने टिपायचं आणि फडकं टाकून द्यायचं. छर्रे तोंडात धरून भरायची काहींना सवय असते, ती आधी मोडा. सराव झाला की साबणाने हात, मग चहा. ती खोली झोपायची असेल तर पेटी सरावानंतर बाल्कनीत. लहान मूल रांगत असेल तर त्या खोलीत नकोच.

काळाठिपका

आणि पॅसेजमध्ये उघडणारं प्रत्येक दार. तुमच्या साडेअकरा मीटरच्या रेषेत बाथरूमचं दार नक्की येत असणार. आतून कोणी कडी काढून थेट नळीपुढे येऊ नये यासाठी बाहेरून कडी घाला आणि आधी आत कोणी नाही ना हे बघा. चष्मा सगळ्यांना, फक्त नेम धरणाऱ्याला नाही. नळी मोडून छर्रा भरताना एका हाताने नळी घट्ट धरून ठेवा. घोडा निसटला तर ती झटक्याने मिटते आणि बोटं मध्ये सापडतात.

तिसरामजला

बाथरूमचं दार येतंच, बरोबर ओळखलंत. प्लाय आणि रबर उद्या आणतो. मॉडरेटर कार्टमधून काढला. क्ले पाच किलो पुण्यात कुठे मिळेल?

सुतारपक्षी

अप्पा बळवंत चौकाच्या आसपास चित्रकलेचं साहित्य विकणाऱ्यांकडे 'न वाळणारा मॉडेलिंग क्ले' म्हणून विचारा. मुलांचे रंगीत डबे उचलू नका, पाच किलोला फार महाग पडतील. आणि घेण्याआधी क्लेची एक गोळी बोटांत दाबून पाहा. कडेला भेगा पडल्या तर तो जुना आहे.