रविवारी रात्री मेस बंद! तुम्ही कुठे जायचात?

शेवंती:
भाचीला पुण्यात ॲडमिशन मिळाली. परवा तिला हॉस्टेलवर सोडायला गेले तर जिन्याखालच्या बोर्डावर खडूने लिहिलेलं, 'रविवारी रात्री मेस बंद राहील.' मी तिथेच हसत सुटले. भाचीने आईकडे असं बघितलं की आत्याला कुणीतरी आधी घरी न्या.

१९९७ साली मी परभणीहून आले तेव्हा हेच वाक्य होतं. पहिले तीन आठवडे माझं पुणे म्हणजे कॉलेज, हॉस्टेल आणि समोरचं झेरॉक्सचं दुकान. रविवारी दुपारी फीस्ट असायची, त्यातल्या चार पुऱ्या डब्यात ढापून ठेवायच्या आणि रात्री चहात बुडवून खायच्या. चौथ्या रविवारी डबा उघडला तर पुऱ्यांवर मुंग्यांची काळी किनार, अगदी साडीच्या काठासारखी. म्हणून आम्ही तिघी बाहेर पडलो. नाहीतर पडलो नसतो, खरं सांगते.

दोन भाड्याच्या सायकली, तासाला दोन रुपये. दुकानदाराने आमची ओळखपत्रं ठेवून घेतली. शिवाजीनगरहून निघालो ते शनिवारवाड्यापर्यंत ठीक. मग गल्ल्या सुरू झाल्या. एका वाड्याच्या पायरीवर आजोबा बसले होते, त्यांना विचारलं, इथे जेवायला कुठे मिळेल? ते म्हणाले, "पत्र्या मारुतीकडून आलात की जिलब्या मारुतीकडून?" आम्हाला वाटलं चेष्टा करतात. मी म्हटलं, आम्ही सायकलवरून आलो. "ते दिसतंय."

शेवटी एक जागा सापडली. लाकडी जिना, वर जेमतेम सहा टेबलं, पिठलं-भात आणि ताक. काउंटरवरच्या काकूंनी गाव विचारलं, परभणी म्हटल्यावर न मागता मिरचीचा ठेचा आला. परतलो तर सायकलवाला दुकान बंद करून गेलेला, ओळखपत्रं आत, आणि हॉस्टेलचा वॉचमन ओळखपत्राशिवाय सोडेना. सायकली घेऊन गेटबाहेर पाऊण तास.

पण त्यानंतर एक रविवार चुकवला नाही. तुमचे रविवार सांगा. आणि त्या लाकडी जिन्याच्या खाणावळीचं नाव कुणाला माहीत असेल तर तेही.

पेठेतला:
आजोबांचा प्रश्न रास्त होता. पत्र्या मारुती नारायण पेठेत, जिलब्या मारुती तुळशीबागेच्या अंगाला. कुठून आलात हे कळल्याशिवाय रस्ता कसा सांगणार?

शेवंती:
@पेठेतला, तुम्हीच ते आजोबा नाही ना?

पेठेतला:
१९९७ ला मी नववीत होतो.

गच्चीवर:
मुंग्या!!! आमच्याकडे मुंग्या झटकून खायचे. डोळे चांगले होतात म्हणे

फास्टलोकल:
मी चिपळूणची, हॉस्टेल माटुंग्याला. पहिल्याच रविवारी दादरला खरेदीला गेले. येताना रुबाबात फास्टमध्ये चढले. माटुंगा स्टेशन डोळ्यांदेखत मागे गेलं, मी दारातून त्याच्याकडे बघतेय. शेजारची मासेवाली म्हणाली, "पोरी, ही नाय थांबत." उतरले थेट कुर्ल्याला. ती टोपली सावरत पुढे निघून गेली, पण त्याआधी मला इंडिकेटर वाचायला शिकवलं. एफ म्हणजे फास्ट, एस म्हणजे स्लो, आणि रविवारी मेगाब्लॉक असला की दोन्हीवर विश्वास ठेवायचा नाही.
जेवण? माटुंग्यात जेवणाची काय कमी, सगळी उडप्यांची हॉटेलं. बाहेर पाटीवर नाव लिहून वाट बघायची. इडली खाऊन फाइव्ह गार्डन्सला एक चक्कर, झाला रविवार. तिमाही पास होता, त्यामुळे पैसे संपले तरी व्हीटीपर्यंत जाऊन येता यायचं. महिन्याच्या शेवटी मरीन ड्राइव्ह फार बघितलाय.

संत्रासोल:
सगळं पुण्या-मुंबईचंच चालू राहते का बे इथे? नागपूरले आमचा रविवार म्हणजे सावजी. रूममेट रत्नागिरीचा होता, गोड डाळ खाणारा. पहिल्या रविवारी त्याले घेऊन गेलो. पहिला घास खाल्ला न् उठून नळाखाली तोंड धरलं त्यानं. दुसऱ्या रविवारी तोच दार वाजवून राहिला, "चल ना." मग बर्डीवर चक्कर, तिथून फुटाळ्याच्या काठावर बसून भुट्टा. दोन वर्षांनी तो आम्हाले सांगे कुठलं सावजी पहिलेसारखं नाही राहिलं.

गच्चीवर:
@संत्रासोल भाऊ तर्री पोहे राहिले

संत्रासोल:
ते सकाळचं आहे. धागा रात्रीचा आहे.

जुनी_खोड:
मेस बंद म्हणून गाव कळलं, हे वाचून वडिलांची आठवण झाली. ते स्वातंत्र्याच्या आसपास पुण्यात शिकायला होते. खाणावळीला पैसे नव्हते, वार लावून जेवायचे. नव्या मुलांसाठी सांगतो: आठवड्याचा एकेक वार एकेका घरी जेवण, अशी सात घरं धरायची. वडिलांचं सोमवारचं घर बुधवार पेठेत, बुधवारचं शुक्रवारात आणि शनिवारचं नारायणात. पहिल्या महिन्यात दोनदा वार आणि पेठ यांचा घोळ करून भलत्याच दारात उभे राहिले. दुसऱ्या वेळी त्या घरच्या बाई म्हणाल्या, "तुझा वार आमच्याकडे नाही रे, पण आलास तर बस." ते घर पुढे त्यांचं रविवारचं झालं. तोवर रविवारी त्यांना घरच नव्हतं, पाण्यावर निभवायचे.
मला पुण्याचे रस्ते त्यांनी या घरांवरून शिकवले. "इथे आमटी फार छान असायची, इथून डावीकडे वळ."

शेवंती:
काका, हे वाचून हातातलं काम थांबलं.

चारपाचजणी:
मुलांचं बरं होतं. आमच्या हॉस्टेलला (नाव नको) साडेसातला गेट बंद आणि मेस पण बंद, म्हणजे मुलींनी रविवारी रात्री जेवायचं नाही असा सरळ हिशोब. अर्ज केला तर रेक्टरबाई म्हणाल्या, "दुपारी पोटभर जेवा." मग सहाला जेवायला जायचो. सहाला कुठे जेवण तयार असतं? वेटर टेबलं पुसत असायचा. डेक्कनला गुडलकमध्ये बन मस्का आणि चहा हेच जेवण, दोन बन पाचजणींत. १९३५ पासूनचं हॉटेल आहे, त्यांनी आमच्यासारखे कितीतरी पाहिले असतील. कधी घाई केली नाही. मी आज रात्री अकराला बाहेर पडले तरी घड्याळ बघते, साडेसात वाजले की पोटात गोळा येतोच.

शिट्टी:
लकडी पूल!! तेव्हा दुचाकीला बंदी हे मला कोण सांगणार, मी सांगोल्याचा. मित्राची लूना घेऊन ऐटीत चाललो. मामा हात करून थांबवतात तर मला वाटलं ओळखीचे आहेत, मी पण हात केला.
पावती फाडली. जेवणाचे पैसे गेले. पुढे पुलाला लाकूड कुठे आहे हे शोधत बसलो, तर ते पण नाही.

पेठेतला:
पूल पेशवाईत लाकडी होता. नाव राहिलं.

शिट्टी:
माझी पावती पण राहिलीय अजून

कोरेगावचा:
मी पुणे बघितलंच नाही म्हटलं तरी चालेल. दर रविवारी संध्याकाळी स्वारगेटला. गावाकडून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरकडे आई डबा द्यायची. पांढऱ्या फडक्यात बांधलेला, वर गाठ अशी घट्ट की दातांनी सोडायला लागायची. सहा भाकरी, शेंगदाण्याची चटणी, एखाद्या वेळी कालवण, ते सांडून फडकं पिवळं. गाडी कधी सातला यायची, कधी नऊला. फलाटावर येणाऱ्या प्रत्येक गाडीची पाटी वाचत बसायचो, त्यामुळे सातारा जिल्ह्यातली सगळी गावं पाठ झाली पण कर्वे रोड कुठे हे तिसऱ्या वर्षी कळलं. ड्रायव्हर दरवेळी एकच निरोप द्यायचा, "आईनं सांगितलंय, मागचा डबा धुऊन दे." दोन डबे होते, एक जाणारा एक येणारा.
एकदा गाडी आलीच नाही, घाटात बंद पडली. साडेदहापर्यंत बसलो. बाजूला एक हमाल जेवत होते, त्यांनी काही न बोलता अर्धी भाकरी पुढे केली.

चारपाचजणी:
डबे आहेत का अजून?

कोरेगावचा:
एक आहे. झाकण दुसऱ्याचं आहे, त्यामुळे नीट बसत नाही.

आवाजबिवाज:
विषय थोडा वेगळा, पण रविवारचाच. पहिल्या वर्षी ऑगस्टमध्ये पोटाची सोय बघत सदाशिव पेठेत फिरत होतो. भरत नाट्य मंदिराबाहेर ही गर्दी. पुरुषोत्तम करंडकाची, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेची, प्राथमिक फेरी. १९६३ पासून ही स्पर्धा चालू आहे आणि मला तिचा पत्ताच नाही, मी जळगावहून आलेला. कुणीतरी तिकीट जास्तीचं आहे म्हणून हातात कोंबलं. आत बसलो, आजूबाजूची पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत होती, आव्वाज कुणाचा! मीही ओरडलो. घसा बसेपर्यंत. मध्यंतरात कळलं की ज्यांच्यासाठी ओरडलो ते आमचं कॉलेज नव्हतं, आमचं कॉलेज तीन रांगा मागे बसलं होतं आणि माझ्याकडे बघत होतं. त्या रात्री जेवलो की नाही आठवत नाही. पुढच्या वर्षी मी त्याच स्टेजवर दिवे सांभाळायला होतो.

राइनकाठ:
आम्ही जर्मनीत, आखेनमध्ये. इथली मेस म्हणजे मेन्सा, तीही रविवारी बंद. वर रविवारी दुकानंसुद्धा कायद्याने बंद. पुण्याच्या एक ते चारला मी जन्मभर नावं ठेवली, इथे आल्यावर त्याची माफी मागितली. पहिल्या रविवारी घरात फक्त मेतकूट होतं. भात नव्हता. नुसतं मेतकूट खाल्लंय मी.
मग एका बंगाली मुलाने सांगितलं, मोठ्या स्टेशनातली दुकानं उघडी असतात. आणि तेव्हा विद्यापीठाच्या सेमेस्टर तिकिटावर अख्ख्या राज्यात फिरता यायचं. ब्रेड आणायला म्हणून निघालो आणि कोलोनला पोहोचलो. कॅथेड्रलच्या मनोऱ्याला ५३३ पायऱ्या, उपाशीपोटी चढलो. वर जाऊन दोघांनी एकच प्रश्न विचारला, खाली उतरल्यावर काय खायचं.

रांगडा:
मेतकूट नुस्तं?? भावा 😂 कोल्हापुरात असतास तर गंगावेशीत कट्ट्यावर दूध पिलं असतंस. म्हस समोर उभी, धार काढून फेसासकट ग्लास हातात. आमची मेस बंद असली की दोन ग्लास दूध आणि रंकाळ्याला एक फेरा. लई झालं की.

राइनकाठ:
जळवू नको.

गच्चीवर:
धारोष्ण दूध कच्चंच प्यायचं का? बाधत नाही?

रांगडा:
आम्हाला नाही बाधलं. तुमचं तुम्ही बघा.

मधलीसुट्टी:
घाईत लिहितेय, कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्यात. शेवंती, तुझी ती खाणावळ मला माहितेय बहुतेक! लाकडी जिना, वर कमी टेबलं, काउंटरवर काकू, बरोबर? भिकारदास मारुतीच्या जवळ. आम्ही शनिवारी जायचो.

पेठेतला:
तिसरा मारुती आला. शेवंती, तुम्ही नक्की कुठल्या मारुतीकडून गेला होतात?

शेवंती:
मला एकही मारुती दिसला नव्हता हो. @मधलीसुट्टी काकूंच्या चष्म्याला दोरी होती का?

मधलीसुट्टी:
हो हो! काळी दोरी! आणि ताकाला आलं लावलेलं.

शेवंती:
तीच ग तीच. भाचीला पाठवते या रविवारी.

मधलीसुट्टी:
अग पण ते रविवारी रात्री बंद असायचं.

शेवंती:
मग आम्ही गेलो ती कुठली?