व्हाइसरॉयचा वाडा राष्ट्रपतींनी घ्यायलाच हवा होता का?

गणेशखिंडकर:
पुण्याच्या गणेशखिंडीत मुंबईच्या गव्हर्नरासाठी सर बार्टल फ्रिअर यांनी उभारलेला प्रासाद १९४९ साली नव्या पुणे विद्यापीठाच्या वाट्याला आला. ज्या वास्तूतील हीरक महोत्सवी समारंभाहून परतताना २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली, त्याच वास्तूत पुढे विद्यापीठाचा कारभार सुरू झाला. सिमल्याची व्हाइसरीगल लॉजही डॉ. राधाकृष्णन यांच्या पुढाकाराने संशोधकांना दिली गेली आणि १९६५ मध्ये तेथे भारतीय उच्च अध्ययन संस्था सुरू झाली. मग दिल्लीचा, म्हणजे या सर्वांहून मोठा असलेला, आज राष्ट्रपती भवन म्हणवणारा वाडाच तेवढा अपवाद का राहिला?

रायसीना टेकडीवरील ही वास्तू राहण्यासाठी कमी आणि धाक बसवण्यासाठी अधिक बांधलेली होती. वंगभंगाच्या चळवळीने कलकत्त्यात राज्यकर्त्यांना स्वस्थता उरली नव्हती; १९११ च्या दरबारात पंचम जॉर्जने राजधानी दिल्लीला हलवण्याची घोषणा केली आणि एडविन लट्यन्स यांच्या आराखड्याने १९२९ पर्यंत ३४० खोल्यांचा, सुमारे ७० कोटी विटांचा हा डोलारा उभा राहिला. स्वातंत्र्य मिळताना येथे रुग्णालय करावे आणि राष्ट्राच्या प्रमुखाने साध्या घरात राहावे, अशी गांधीजींची इच्छा होती. ती डावलून आपण वाड्याबरोबर त्याचा सरंजामही पत्करला, असे माझे स्पष्ट मत आहे. देशातील समारंभांत राष्ट्रपतींसाठी ‘महामहिम’ वापरू नये, हे ठरायला २०१२ साल उजाडावे लागले, यातच सारे आले.

फाईलबहाद्दर:
आपली तुलनाच मुळात लंगडी आहे. गणेशखिंडीचा प्रासाद हे गव्हर्नरांचे पावसाळी ठिकाण होते आणि सिमल्याची लॉज उन्हाळी. मुंबईत मलबार पॉइंटचे व दिल्लीत रायसीनाचे घर हाताशी असल्यामुळे या दोन्ही वास्तू देऊन टाकताना राज्यकारभाराला काहीही तोशीस पडली नाही. रायसीनाचे घर सोडले असते तर दुसरे शोधणे किंवा बांधणे भाग होते, आणि तेही अशा वेळी की पुराना किल्ला व हुमायूनच्या कबरीच्या आवारात निर्वासितांचे तांडे उघड्यावर पडले होते. त्या दिवसांत नव्या निवासस्थानाचे अंदाजपत्रक कोणी मांडले असते, तर आज आपण त्याच्याच नावाने बोटे मोडत असतो. रुग्णालयाचे म्हणाल, तर दरबार सभागृहाच्या त्या उंच घुमटाखाली खाटा कशा मांडणार, हे निदान मला तरी समजलेले नाही.

शिवाय वाडा स्वीकारला म्हणजे व्हाइसरॉयची राहणीही स्वीकारली, हे गृहीतच चुकीचे आहे. जून १९४८ मध्ये गव्हर्नर जनरल झालेल्या राजगोपालाचारींनी व्हाइसरॉयच्या भव्य दालनांत राहण्याचे नाकारून बाजूच्या लहान खोल्या निवडल्या. पुढील राष्ट्रपतींनीही तोच पायंडा सांभाळला आणि मूळ दालने परदेशी पाहुण्यांसाठी ठेवली गेली. अन्नटंचाईच्या काळात याच राजाजींनी आवारातील जमिनीवर गहू पेरायला लावला होता. १५ ऑगस्ट १९४७ ला नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा आणि २६ जानेवारी १९५० ला राजेंद्रप्रसादांचा शपथविधी ज्या सभागृहात झाला, त्याला आता केवळ व्हाइसरॉयचे सभागृह कसे म्हणायचे?

मुरमाड:
आपण दोघेही इमारतीविषयी भांडत आहात. इमारतीखालच्या जमिनीविषयी चकार शब्द नाही. ही टेकडी ओसाड नव्हती. रायसीना, मालचा अशा गावांतील शेतकऱ्यांच्या जमिनी १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली घेतल्या गेल्या आणि गावेच्या गावे उठली. मालच्यातील अनेक कुटुंबे सोनीपतकडे जाऊन वसली. दिल्लीत हे बांधकाम चालू असतानाच आपल्याकडे सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचे शेतकरी धरणासाठी जाणाऱ्या जमिनींकरिता सत्याग्रह करीत होते, हे मराठी वाचकाला तरी आठवायला हवे. १८९४ चा तो कायदा स्वतंत्र भारतानेही २०१३ मध्ये नवा कायदा होईपर्यंत वापरला. वसाहतीचा वारसा शोधायचाच असेल तर तो झुंबरांपेक्षा या कायद्यात अधिक सापडेल.

गणेशखिंडकर:
मुरमाड यांचा मुद्दा शिरसावंद्य आहे आणि तो माझ्याच बाजूचा आहे, असे मी समजतो. फाईलबहाद्दर यांच्या राजाजींच्या उदाहरणाविषयी मात्र एवढेच विचारतो, की राष्ट्रप्रमुखाला काही लहान खोल्या पुरतात हे जर १९४८ मध्येच सिद्ध झाले होते, तर उरलेला वाडा कोणासाठी राखला?

वास्तुवेडी:
या घराने धाक घालावा अशी योजना होती हे खरे, पण ती योजना बांधकाम चालू असतानाच फसली, हे येथे कोणी नोंदवलेले दिसत नाही. हर्बर्ट बेकर यांनी आपल्या सचिवालयाच्या दोन्ही इमारती लट्यन्स यांच्या वाड्याच्या पातळीवर आणल्या, त्यामुळे मधल्या रस्त्याला चढ द्यावा लागला. त्या चढाला लट्यन्स यांनी आधी संमती दिली आणि परिणाम ध्यानात आल्यावर तो बदलून घेण्यासाठी आकाशपाताळ एक केले. पण तोवर वेळ निघून गेली होती. आजही विजय चौकात उभे राहिले तर जवळजवळ घुमटच तेवढा दिसतो आणि खालचा वाडा रस्त्याच्या चढामागे दडतो. सम्राटाच्या प्रतिनिधीचे घर सामान्य माणसाला चौकातून दिसूच नये, हा विनोद कोणी मुद्दाम रचला असता तरी इतका साधला नसता.

दुसरे असे, की लट्यन्स यांना भारतीय वास्तुकलेविषयी फारसा आदर नव्हता. छज्जे, छत्र्या आणि जाळ्या आल्या त्यात व्हाइसरॉय हार्डिंज यांच्या आग्रहाचा मोठा भाग होता. घुमटाभोवतीचे कठडे तर थेट सांचीच्या स्तूपाचे आहेत. म्हणजे सत्ता दाखवण्यासाठीसुद्धा या देशाच्या घडणीवाचून चालले नाही. पुढे फेब्रुवारी १९३१ मध्ये आयर्विनशी बोलणी करायला गांधीजी याच पायऱ्या चढले, तेव्हा त्या दृश्याने चर्चिल यांचा जळफळाट झाला आणि तो त्यांनी जाहीर भाषणात ओकला. रुग्णालयाची इच्छा धरणाऱ्या गांधीजींचे मोल मी कमी लेखत नाही, पण या पायऱ्यांचा अर्थ त्यांनी १९३१ मध्येच बदलून टाकला होता.

गणेशखिंडकर:
पायऱ्यांचा अर्थ बदलला असे म्हणू या, पण कुंपण कोठे बदलले? २०२३ मध्ये मुघल गार्डनचे अमृत उद्यान झाले आणि २०२४ मध्ये दरबार सभागृहाचा गणतंत्र मंडप झाला. पाट्या रंगवण्यापलीकडे यातून सामान्य माणसाला काय मिळाले? ३३० एकरांच्या आवारात जुन्या तबेल्यांत आणि गॅरेजमध्ये संग्रहालय उभारले गेले, हे स्वागतार्हच आहे, परंतु माझी मागणी मुख्य वाड्याची आहे. राष्ट्रपतींनी निवासाचा भाग आणि समारंभाची दालने ठेवावीत व बाकीचा भाग अभिलेखागार आणि अभ्यासकांसाठी कायमचा द्यावा. त्यातील एक दालन मुरमाड यांनी सांगितलेल्या गावांच्या जमीननोंदींसाठी असावे.

फाईलबहाद्दर:
जमीननोंदींच्या दालनाला माझा पाठिंबा आहे. बाकी मागणीला विरोध कायम आहे, कारण परदेशी राष्ट्रप्रमुख उतरतात त्या इमारतीत अभ्यासकांची रोजची ये-जा सुरू झाली, तर पहिल्याच वर्षी सुरक्षेच्या नावाखाली ती बंद होईल आणि आज ठरावीक दिवशी जनतेला जे पाहता येते तेही हातचे जाईल.