मदत हवी आहे: पॉलिमर प्लेट आणि लाकडी खिळे (छपाईचे टाइप) एकाच चेसमध्ये (टाइप आवळायची लोखंडी चौकट), उंची जुळत नाही

ट्रेडलवर (पायाने चालवायचं छपाईयंत्र) १० × १५ इंची पोस्टर छापतोय. मथळा जुन्या लाकडी खिळ्यांचा, खालचा मजकूर इंकस्केप या ड्रॉइंग सॉफ्टवेअरमधून फिल्म काढून केलेल्या फोटोपॉलिमर प्लेटचा (प्रकाशाने कडक होणारं, उठावाच्या अक्षरांचं प्लास्टिक). फाइलमध्ये अक्षरांचे पाथ (बाह्यरेषा) युनियन करून एकसंध केलेत. नाहीतर शिरोरेखा जिथे जुळते तिथे पांढऱ्या फटी येतात. सुटे अनुस्वार ०.३ मिमीपेक्षा जाड ठेवलेत, प्लेट धुताना उडू नयेत म्हणून.

अडचण उंचीची. खिळा २३.३२ मिमी. प्लेट १.५२ आणि चिकटपट्टी ०.१३, म्हणजे प्लेटखालचा ठोकळा, बेस, २१.६७ हवा. सध्या बेस एमडीएफचा (लाकडाच्या भुशाचा दाबीव बोर्ड) आहे, आणि नाशिकच्या पावसाळी हवेत तो कडांना फुगतो. कडेची अक्षरं कागदात रुततात, मधली शिरोरेखा फिकी. पॅकिंग (छापायच्या कागदामागचे कागदी थर) वाढवलं की मथळा कागद फाडायला बघतो!

इथल्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत बेससाठी ९ × ७ इंची ॲल्युमिनियम प्लेट ±०.०२ मिमीत सपाट करून देणारं कोणी आहे का? ॲल्युमिनियम मॅग्नेटिक चकवर (काम चुंबकाने पकडणारा मशीनचा टेबल) धरत नाही, त्यामुळे ग्राइंडिंगवाले नाही म्हणतात. फ्लायकटरने (मिलिंग मशीनवर पृष्ठभाग सपाट करणारं एकपातं हत्यार) एवढी अचूकता मिळते का? की माइल्ड स्टीलच घ्यावं? वजन सुमारे सात किलो होईल, चेस उचलणाऱ्याचे हाल. मथळा आणि मजकूर वेगळे, दोन वेळा छापणं टाळायचंय, रजिस्टर (दोन छापांची जुळणी) हलतं.